शोधणारे आणि पाठवणारे

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेहेतीस गुणिले तेहेतीस, संपला हिशेब. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, म्हणून खाली आर आणि गुंठ्यांचा मेळ घालणारा एक तक्ता. एवढाच ऐवज असलेले पान सातारा जिल्ह्यातल्या एका अर्जलेखकाच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे सर्वांत जास्त वाचले जाते. कूळकायद्यावर त्यांनी पुस्तके धुंडाळून, रात्री जागून जो लांबलचक लेख लिहिला, तो या तक्त्याच्या आसपासही पोहोचत नाही. सुरुवातीला त्यांना याचा राग यायचा. आता ते नव्या लिहिणाऱ्यांना आधी हे पान दाखवतात.

हे गृहस्थ तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसत. आधी टाइपरायटर, मग संगणक आणि प्रिंटर. वारस नोंदीचा अर्ज, नाव दुरुस्तीचा अर्ज, वाटणीसाठी कलम ८५ चा, लेखनातली चूक सुधारण्यासाठी कलम १५५ चा. माणसे बदलत, प्रश्न तेच राहत. फेरफार म्हणजे काय? आठ-अ आणि सातबारा यांत फरक कुठला? नोटिशीचे पंधरा दिवस कधीपासून मोजायचे? दिवसभर तेच तेच सांगून घसा बसे. पुण्यात संगणकाचे शिक्षण घेणारा भाचा सुट्टीत आला असताना म्हणाला, "मामा, एकदाच लिहून नेटवर टाका, लोक वाचतील." २०११ च्या आसपासची ही गोष्ट. पैसे लागणार नव्हते, आणि लिहून तर सगळे तयारच होते.

तयार होते, पण श्रीलिपीत. अर्जांचे मसुदे, माहितीपत्रके, सगळे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. ते उचलून नेटवर टाकले तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा चिवडा उमटला. भाच्याने समजावले, की या फॉन्टांत मराठी फक्त डोळ्यांना दिसते, आत साठते ती रोमन अक्षरांचीच सांकेतिक बेरीज. गूगल वाचते ते आतले. मग त्यांनी पळवाट काढली. पानांची चित्रे करून चढवली. माणसाला ती वाचता येत, शोधयंत्राला नाही. महिनोन्महिने कोणी फिरकले नाही, आणि कोणी का फिरकत नाही हेही कळेना. शेवटी एकेक मसुदा युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा लागला. मराठीत नेटवर लिहिणाऱ्यांच्या त्या पिढीतल्या पुष्कळांनी हा दंड भरला आहे. ज्यांनी भरला नाही त्यांचे चांगले चांगले लेखन आजही पीडीएफच्या पोटात पडून आहे, कोणाच्या शोधात न येता.

युनिकोडमध्येही खाचखळगे होते. 'ॲप' आणि 'अॅप' हे दोन शब्द छापून वाचणाऱ्याला सारखेच दिसतील. संगणकाच्या हिशेबी पहिल्यात 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि दुसऱ्यात 'अ' वर अर्धचंद्र ठेवलेला आहे. ते स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले २००८ साली, त्यामुळे आधीच्या कळफलकांना सवय दुसऱ्याची. आपल्याच पानावर 'ॲप' शोधावे आणि सापडू नये, असा प्रकार झाला तेव्हा ते चक्रावले. यंत्र आता असे पुष्कळसे समजून घेते. तरी लेखभर एकच रूप ठेवायचे, हा नियम त्यांनी तेव्हापासून मोडलेला नाही.

खरा धडा वेगळाच होता, आणि तो गूगलनेच फुकट दिला. साइटच्या मालकाला गूगल एक तक्ता दाखवते, ज्याला आता सर्च कन्सोल म्हणतात. लोकांनी काय टाइप केले तेव्हा तुमचे पान यादीत आले, कितव्या क्रमांकावर आले, आणि किती जणांनी ते उघडले, हे सगळे त्यात असते. अर्जलेखकांनी तो तक्ता पहिल्यांदा नीट वाचला आणि त्यांची एक समजूत ढासळली. त्यांच्या लेखाचे शीर्षक होते 'अधिकार अभिलेखातील वारस नोंदीबाबत कार्यपद्धती'. लोक शोधत होते 'वडील वारले सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे'. शिवाय निम्मे लोक हे देवनागरीत लिहीतच नव्हते. रोमन अक्षरांत 'सातबारा', 'वारस नोंद', आणि शेवटी 'इन मराठी' हे शेपूट. मराठीतून माहिती हवी असणारा माणूस ती इंग्रजी अक्षरांत मागतो, हे त्यांना विचित्र वाटले. पण फोनच्या कळफलकावर 'ऱ्हस्व' टाइप करून पाहिल्यावर वाटेनासे झाले.

टेबलापाशी बसलेला माणूस 'अधिकार अभिलेख' म्हणत नाही, हे त्यांना का ठाऊक नव्हते? चांगले ठाऊक होते. इतकी वर्षे ते माणसाच्या तोंडची भाषा ऐकत आणि तिची कचेरीची भाषा करून देत आले होते. तोच त्यांचा धंदा. लिहायला बसले की हात आपोआप कचेरीकडे वळे. साइटवर उलटे करायचे होते. शीर्षक विचारणाऱ्याचे, पहिल्या परिच्छेदात सरळ उत्तर, आणि कायद्यातला शब्द त्यानंतर, कारण अर्जात शेवटी तोच लिहावा लागतो. जुन्या लेखांची शीर्षके त्यांनी एकेक करून बदलली. मजकूर जवळपास तोच ठेवला. काही आठवड्यांत वाचक येऊ लागले. एसईओ, म्हणजे शोधयंत्रात पान वर आणण्याचे तंत्र, या नावाखाली पुढे त्यांना जे जे ऐकायला मिळाले, त्यातले निम्मे याच एका कामात येऊन गेले होते, असे त्यांचे मत आहे.

उरलेल्या निम्म्यात बरीच भोंदूगिरी होती. एका शिबिरात सांगितले गेले, की लेखात मुख्य शब्द दर दोन ओळींनी आला पाहिजे. त्यांनी एक परिच्छेद तसा लिहून पाहिला आणि मोठ्याने वाचला. दशक्रियेच्या मंत्रासारखा वाटला, म्हणून पुसून टाकला. कोणी म्हणे पानाच्या छुप्या भागात कीवर्डची यादी भरा. ती यादी क्रमवारीसाठी पाहत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, तरी शिबिरांतून ती पुढे अनेक वर्षे शिकवली जात होती. शंभर लिंक इतक्या रुपयांत, अशी पत्रे तर आजही येतात. दुसऱ्या साइटने आपल्याकडे बोट दाखवणे हे गूगलच्या मोजणीत मोलाचे, हे खरे. पण विकतच्या लिंक उपटून काढण्यासाठीच २०१२ च्या एप्रिलमध्ये पेंग्विन नावाचा बदल आला आणि त्यात पुष्कळ साइट एका रात्रीत तळाला गेल्या. अर्जलेखकांकडे लिंक विकत घ्यायला पैसे नव्हते, ही त्यांची पुण्याई. त्यांना मिळालेल्या लिंक अशाच आल्या. एका गावाने आपल्या साइटवर गुंठ्यांचा तक्ता जोडला. जमिनीच्या वादावर लिहिणाऱ्या एका वकिलाने 'सोप्या भाषेत इथे वाचा' म्हणून पत्ता दिला.

तक्त्यावरून आठवते ते २०१५. त्या वर्षी २१ एप्रिलला गूगलने मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरच्या शोधात झुकते माप द्यायला सुरुवात केली. अर्जलेखकांची साइट मोठ्या पडद्यासाठी बेतलेली, तक्ता आडवा आठ रकान्यांचा. फोनवर तो वाचायचा तर बोटाने ओढत ओढत बांधाला बांध लागेपर्यंत जावे लागे. भाचा आता नोकरीला लागला होता, त्याला वेळ नव्हता. त्यांनी स्वतःच तक्ता मोडला आणि दोन रकान्यांचा उभा केला. पुढच्या वर्षी सप्टेंबरात जिओ आले आणि गावात ज्याच्या त्याच्या हातात नेट आले, तेव्हा हा उभा तक्ता तयार होता. याला ते दूरदृष्टी म्हणत नाहीत. कंटाळा न करणे म्हणतात.

जिओबरोबर व्हॉट्सॲपचा पूर आला आणि 'शोधून आलेला वाचक' या एका जातीखेरीज दुसरी जात त्यांना दिसली. आकडेवारीत ती ओळखूही येत नसे. फेसबुकवरून आलेला माणूस फेसबुकच्या नावाखाली मोजला जातो, पण व्हॉट्सॲपमधली लिंक दाबून आलेला बहुधा 'थेट' या रकान्यात पडतो, जणू पत्ता तोंडपाठ असून टाइप करत आला. अचानक एका दुपारी 'थेट'चा आकडा दसपट झाला, की समजायचे, कुठल्या तरी गटात आपले काही तरी फिरते आहे.

फिरण्यात एक मजेशीर अडचण होती. त्यांच्या पानांचे पत्ते देवनागरीत होते. मराठीचा अभिमान म्हणून त्यांनीच ते तसे ठेवले होते. पण तो पत्ता कॉपी करून पाठवला, की प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्क्यांच्या खुणा आणि आकडे-अक्षरे मिळून नऊ तुकडे होतात. एकट्या 'सातबारा' या शब्दाचे त्रेसष्ट. वारस नोंदीच्या पानाचा पत्ता गटात पडला, की सहा ओळींचा राक्षस दिसे, आणि 'अण्णा, ही व्हायरसची लिंक तर नाही ना?' असे प्रश्न येत. अभिमान गुंडाळून त्यांनी पत्ते रोमन अक्षरांत आखूड केले. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे वळवण्यासाठी '३०१' नावाची कायमची पाटी लावावी लागते. ती न लावता पत्ता बदलला, तर गूगलच्या दृष्टीने जुने पान मेले आणि नवे शून्यावर जन्मले. ही पाटी लावायला त्यांना कोणी तरी वेळेवर सांगितले, नाही तर आधीची मेहनत वाहून गेली असती.

२०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवरून, शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची. ती नोंद सातबाऱ्यातल्या बाराव्या नमुन्यात जाते. तोवर हे काम तलाठ्याचे होते, म्हणजे आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकाऱ्याचे, जरी त्या नावाने शोधणारा अजून विरळा. अर्जलेखकांनी ॲप कसे वापरायचे ते पायरी-पायरीने लिहिले. दोन दिवसांत तोच मजकूर, शब्दाला शब्द, त्यांच्याच चुलतभावाने त्यांना पाठवला. खाली त्यांचे नाव नाही, साइट नाही. वर मात्र भर घातलेली, 'अत्यंत महत्त्वाचे, प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा'. त्यांनी पोहोचवले की नाही, हे ते सांगत नाहीत.

चोरीचा संताप ओसरल्यावर त्यांनी एक बदल केला. फॉरवर्डसाठी म्हणून ते वेगळा, आखूड मजकूर लिहू लागले. त्यात उत्तर पूर्ण असे, वाचकाला अर्ध्यावर टांगलेले नसे. पण जे मजकुरात मावतच नाही ते साइटवर ठेवलेले असे, म्हणजे अर्जाचा नमुना, भरून दाखवलेला तक्ता, नकार आल्यास पुढची पायरी. साइटचे नाव शेवटी न टाकता मधल्या एखाद्या वाक्यात गुंफलेले, म्हणजे शेपूट तोडले तरी ते राहते. चित्र करून पाठवायचे असेल तर चित्रही करत, मात्र तीच माहिती पानावर अक्षरांत लिहिलेली असेच. चित्र पाठवणाऱ्यासाठी, अक्षरे शोधणाऱ्यासाठी.

तरीही फॉरवर्डने आलेली गर्दी टिकत नाही, हे त्यांना लवकरच दिसले. ती येते, एक पान पाहते, जाते. व्हॉट्सॲपने भारतात २०१८ मध्ये एका वेळी पाचच जणांना पाठवण्याची मर्यादा घातली, आणि २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे केले. अफवांना आवर घालण्यासाठी ते गरजेचेच होते. पण त्या मर्यादांमुळे त्यांच्यासारख्यांचा 'थेट' रकानाही आटला. २०१८ च्याच जानेवारीत फेसबुकने मित्र-नातलगांच्या पोस्टना वर आणि पानांच्या पोस्टना खाली ढकलले होते. ज्यांची सगळी भिस्त वाटण्यावर होती, अशा दोन परिचितांनी त्या सुमारास आपापल्या साइट बंद केल्या. अर्जलेखकांचा शोधातून येणारा वाचक जागेवर होता.

आणि तो कशासाठी येत होता हे पाहण्यासारखे आहे. मुलींच्या वारसाहक्कावरचे एक पान त्यांनी लिहिले होते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच यासंबंधी आपली दुरुस्ती केली. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. हे सारे त्या पानावर आहे. शेजारी दुसरे पान आहे हक्कसोडपत्रावर. सही केल्यावर काय होते, नोंदणी झालेले पत्र नुसत्या अर्जाने रद्द का होत नाही, दिवाणी न्यायालयात का जावे लागते, हे त्यात सांगितले आहे. ही दोन पाने त्यांनी गटांत टाकून पाहिली. कोणी पुढे पाठवली नाहीत. एका गटात तर ॲडमिनने 'अण्णा, असले नको, गटात सगळी भावकी आहे' म्हणून हळूच कळवले.

सर्च कन्सोलमध्ये मात्र ती दोन पाने रोज दिसत. 'बहिणीने सही दिली नाही तर', 'सही करून दिली आता परत घेता येते का', 'लग्न झालेल्या मुलीचे नाव सातबाऱ्यावर'. त्या रांगा वाचताना अर्जलेखकांना आपले टेबल आठवे. टेबलापाशी बहिणी येत, पण भावाबरोबर. बोलायचा भाऊ, सही करायची ती. तिला काही विचारायचे असेल तर ते त्या टेबलापाशी विचारता येत नव्हते, हे त्यांना इतक्या वर्षांत तितकेसे जाणवले नव्हते, आणि रकान्यातल्या त्या तुटक शब्दांनी जाणवून दिले. माणूस पुढे पाठवतो ते, ज्याने पाठवणारा चांगला दिसतो. शोधतो ते, जे घरात विचारता येत नाही. त्यानंतर त्यांनी कुठल्या विषयावर लिहायचे हे ठरवताना 'हे किती फिरेल' हा प्रश्न मागे टाकला. हक्कसोडपत्राच्या पानावरून पाठवण्याची बटणेही काढली. कोणाचे चुकून बोट लागायला नको.

पैशाचा विषय टाळता येत नाही. मराठी पानांना गूगलच्या ॲडसेन्स जाहिराती मिळू लागल्या त्या २०१८ मध्ये, हिंदीनंतर काही वर्षांनी. वाचकसंख्येचे रुपये होऊ लागले आणि मराठीत एक नवा धंदा उभा राहिला, योजनांच्या बातम्यांचा. २०१९ च्या फेब्रुवारीत पीएम-किसान सुरू झाली, वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. हप्त्याची तारीख हा शोध तेव्हापासून कधी थांबलेलाच नाही. 'मोठी बातमी! उद्या खात्यात जमा', 'लगेच यादीत नाव पहा'. आत उघडावे तर तारीख नाही, यादी नाही, चार जाहिराती आणि 'लवकरच' एवढा शब्द. अर्जलेखकांच्या भाच्याने हिशेब मांडून दाखवला, की मामांनी असे रोज एक पान टाकले, तर महिन्याला प्रिंटरच्या शाईचा खर्च सोडाच, टेबलाची कमाईही मागे पडेल. मोह झाला. थोडे दिवस त्यांनी तारखांची पाने चालवलीही. मग दुपारी टेबलापाशी येऊन एक जण म्हणाला, की तुमच्या साइटवर उद्या पैसे म्हणून वाचले आणि बँकेत फेरी मारून आलो. शहाण्याने पुढचे ऐकायला थांबायचे नसते. त्यांना थांबावे लागले, कारण टेबल त्यांचे होते. बहुतेक योजनावाल्यांपुढे वाचक असा येऊन उभा राहत नाही, हाच त्यांच्या धंद्यातला मोठा फायदा आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

२०२४ च्या २८ जूनला लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा परीक्षा पुन्हा आली. महिन्याला दीड हजार. शोधांचा असा लोंढा त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी एकच पान केले आणि त्याचाच पिच्छा पुरवला. कारण नियमच पळत होते. अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती, ती काही दिवसांतच ३१ ऑगस्ट झाली. वयाची वरची मर्यादा ६० होती, ती ६५ झाली. पाच एकर शेतीची अट गळली. ज्यांनी पहिल्या दिवशी पान टाकून पाठ फिरवली, त्यांच्या पानांवर जुन्या अटी वाचून किती बाया सेतू केंद्राच्या रांगेतून परतल्या असतील, कोण सांगणार. अर्जलेखक रोज सकाळी आधी शासन निर्णय पाहत, मग पान. वर बदलाची तारीख, काय बदलले ते एका ओळीत. त्याच दिवसांत त्यांच्या संपर्काच्या चौकटीतून आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील येऊ लागले, कारण साइट सरकारचीच आहे असे लोक धरून चालत. 'साहेब, माझा फॉर्म अडकलाय' असे फोन रात्री अकरालाही येत. चौकट काढून टाकली आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत टाकले, ही शासनाची साइट नाही. त्यानंतर पान उघडून लगेच परत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. जाऊ दे, ते म्हणाले, त्यांना तिकडेच जायचे होते.

त्यांच्या कामाचा मोठा भाग आता नवे लिहिणे नाहीच. एक रुपयात पीकविमा २०२३ च्या खरिपात आला, २०२५ मध्ये बंद झाला. पण त्या नावाने शोधणे बंद झाले नाही. असे पान काढून टाकले, तर शोधणारा दुसऱ्या कुणाच्या जुन्या पानावर जाऊन फसतो. म्हणून ते ठेवले आहे, पहिल्याच ओळीत योजना बंद झाल्याचे आणि आता काय आहे त्याचे सांगून. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ च्या महाराष्ट्र दिनापासून मिळू लागला, तेव्हा सातबाऱ्यावर त्यांचीच तीन पाने झाली होती आणि गूगलच्या यादीत ती एकमेकांना खाली ओढत. तिन्ही मोडून एक केले. दिसायला साइट लहान झाली, वाचक वाढला. भाचा याला ऑप्टिमायझेशन म्हणतो. ते म्हणतात, दप्तर लावले.

बोलून टाइप करायची सोय गूगलने २०१७ मध्ये मराठीत दिली, तेव्हापासून शोधातली वाक्ये लांबली. 'आज्जाच्या नावावरची जमीन चुलत्याने परस्पर विकली काय करायचं', असे अख्खे गाऱ्हाणे येते. २०१९ च्या डिसेंबरात गूगलने वाक्याचा रोख समजून घेणारी बर्ट ही पद्धत सत्तरावर भाषांत नेली. त्यांत मराठी होती. त्यानंतर नेमका शब्द शीर्षकात नसला तरी त्यांचे योग्य पान वर येऊ लागले. हे सुख फार टिकेल असे नाही. गुंठ्याचे उत्तर आता यादीच्या माथ्यावरच छापून येते, पान न उघडता. २०२४ च्या ऑगस्टपासून भारतात इंग्रजी आणि हिंदीत यंत्राने रचलेले सारांश वर दिसू लागले, आणि सर्च कन्सोलमध्ये अर्जलेखकांना दोन रेघा फाकताना दिसल्या. पान यादीत दिसण्याची रेघ वर, उघडण्याची खाली. गुंठ्यांच्या तक्त्याचे वाचक त्यामुळे घटतील, हे त्यांनी धरले आहे. ज्याला १०८९ हा आकडाच हवा होता, त्याला तो मिळाला. हक्कसोडपत्राचे पान मात्र अजून उघडले जाते. तिथे सारांश वाचून कोणाचे भागत नसावे.

कचेरीसमोरच्या झेरॉक्स दुकानात त्यांनी हल्ली एक कागद चिकटवून घेतला आहे, क्यूआर कोडचा. त्याच्या बदल्यात दुकानदाराला ते काही देत नाहीत, उलट त्याच्याकडून एक वही घेतात. दिवसभरात गिऱ्हाइकांनी काय काय विचारले ते तो त्यात टिपतो, वेडेवाकडे, जसे ऐकले तसे. गेल्या खेपेला त्यात ॲग्रिस्टॅकच्या शेतकरी ओळखक्रमांकाबद्दल चार नोंदी होत्या, सामायिक विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल दोन, आणि एक होती, 'मयताचे नाव कमी केले पण बोजा तसाच'. बोजावर त्यांच्याकडे पान होते, पण त्यात कर्जदार मेल्यावर काय होते हे नव्हते. ते त्यांनी त्याच संध्याकाळी जोडायला घेतले, सोसायटीच्या दाखल्याचा नमुना मिळवून.